मुळी कुणाच्या हाताची

घट बसून चार दिवस झाले होते. नागली, म्हणजे नाचणी, पिकून तपकिरी पडली होती आणि दुपार कलली की पश्चिमेकडे ढग जमत होते. पाऊस आला असता तर उभ्या कणसांना कोंब फुटले असते. मुलगा बुधा आणि सून द्राक्षाच्या छाटणीला निफाडकडे गेली होती. त्यामुळे उतारावरचं ते वावर लहानू भोये आणि त्याची बायको नवसाबाई या दोघांनाच उरकायचं होतं.

नवसाबाई पुढे असे. वाकून डाव्या हातात कणसांचा झुबका धरायचा आणि विळा ओढायचा, की झुबका पाठीमागे टोपलीत. लहानूचा खुबा दुखायचा, म्हणून तो गुडघ्यांवर सरकत कापायचा. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड दिसे, माणूस उभा आहे की झाड ते कळे, पण कणीस हातानंच शोधावं लागे. ओळ संपली की नवसाबाई काही न बोलता त्याच्या ओळीतून परत फिरे आणि सुटलेली कणसं खुडून घेई. तिच्या विळ्याचा आवाज पाठीमागे ऐकू आला की लहानूचा हात थांबायचा.

बांधावरून सावळीरामनं हाक मारली. तो ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष होता.

"लहानूदादा, आभाताई बुधवारी येतेय. शुक्रवारपर्यंत ऱ्हानार. तुझं नाव मी सांगून ठेवलंय."

"कसलं नाव?"

"समितीच्या वहीत टाकायचं. मागच्या साली तिनं मुळी नेली व्हती ना? ती तपासली. न भरनाऱ्या जखमेवर चालते म्हनं. साखरेचे पेशंट आसतात, त्यांच्या पायाच्या. आता एका कंपनीला त्याचं मलम काढायचंय. पन आधी आपल्या वहीत नोंद पाह्यजे. वनस्पती कोनती, कशाला वापरतात, आन् तिचा जानकार कोन. ज्याचं नाव, त्याला इचारल्याबिगर कंपनीला मुळीला हात लावता येनार नाय."

"जानकार एकच?"

"ओळ एकच हाय." सावळीराम हसला. "दुसरा हाय तरी कोन? पंधरा पाड्यांत लोक औषधाला तुझ्याच दाराला येतात."

लहानूनं मान डोलावली. नवसाबाईचा विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

बुधवारी सकाळी फकिरा आला. नदीपलीकडच्या पाड्यावरचा हा गुराखी, पन्नाशीचा. डाव्या टाचेखाली त्याला चिंचोक्याएवढी जखम झाली होती आणि अडीच महिने ती भरत नव्हती. तालुक्याला, पेठच्या दवाखान्यात त्याला साखर निघाली होती. गोळ्या चालू होत्या, पंधरवड्याला पट्टीही व्हायची. तो काठी टेकत, टाच उचलून चालत आला आणि ओट्याच्या कडेला बसला.

"दादा, कातड्याचा जोडा घातला की चिघळतंय, नाय घातला की खडा लागतोय. तुझ्या हाताला गुन हाय म्हनतात."

लहानूनं पाय मांडीवर घेतला. जखम त्याला दिसत नव्हती. नाक जवळ नेलं तेव्हा कुजक्या मांसाचा वास आला. बोटानं त्यानं कडा चाचपली. ती कडक, जाड झाली होती.

"कडा काळी हाय," दारातून नवसाबाई म्हणाली. "मधी पिवळं."

"कळतंय मला," लहानू म्हणाला. "मुळी संपलीय. शुक्रवारी ये. ताजी काढून लावतो."

आभा तोवर येऊन बसली होती. तिशीच्या आतबाहेरची, नाशिकहून येणारी वनस्पतींची अभ्यासक. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा. ती समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची, म्हणून लहानूला ती आवडायची. त्यानं तिला रीत सांगितली. मुळी तशीच उपटायची नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन वेलीच्या बुडाशी तांदळाचे दाणे ठेवायचे, कुणासाठी हवी ते मनात सांगायचं. हे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी ऊन पडायच्या आत जायचं, कुणाशी बोलायचं नाही, आपली सावली वेलीवर पडू द्यायची नाही. वेलीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. आणि ज्यानं आमंत्रण दिलं त्यानंच खणायचं. दुसऱ्यानं खणली तर ती चोरीची. तिला गुण नाही.

आभा भराभर लिहीत होती. लहानूला बरं वाटत होतं. बोलता बोलता त्याची पाठ ताठ झाली.

"आणि बाबा, फूल कधी येतं हिला?"

"पावसाळ्यात."

"म्हणजे श्रावणात? भाद्रपदात?"

"व्हय, तवाच."

"हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे म्हणाला होतात. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?"

लहानूनं पानाबद्दल काहीतरी सांगितलं. आभानं पिशवीतून दाबून वाळवलेली दोन पानं काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली. दोन्ही सारखीच हिरवट, धुरकट.

आतून पाट्यावर मीठ-मिरची वाटल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"पानाकडं बघायचंच नाय, बाई," नवसाबाई म्हणाली. "वेल झाडावर कशी चढते ते बघायचं. ही डाव्या अंगानं वळून चढते, दुसरी उजव्या. डोळे मिटून हात लावला तरी कळतं. फूल पोळ्याच्या पुढं-मागं येतं, आठ दीस टिकतं. आन् ज्या वेलीला फूल आलं, तिची मुळी त्या साली काढायची नाय. पोकळ आसते."

आभा लिहायची थांबली. मग तिनं वहीचं पान उलटलं, उठली आणि दारात जाऊन बसली.

"मावशी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

"कोनी इचारलं नव्हतं."

ओट्यावर लहानू आणि फकिरा दोघंच राहिले. फकिरानं खिशातून तंबाखू काढली. लहानू ती पानं हातात धरून तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आभा नवसाबाईबरोबर डोंगरावर गेली. लहानू खळ्यावर वाळत घातलेली नागली राखत बसला. चिमण्यांचा थवा उतरला की तो हातातला बांबू जमिनीवर आपटे. बांबूच्या टोकाला फाडून चिरा केल्या होत्या, त्याचा फटकन आवाज होई. उन्हानं कणसं तडतडत होती. वरून कधी कधी दोघींचं हसणं ऐकू येई. नवसाबाई हसायची फार कमी. इतकं काय हसण्यासारखं आहे तिथं, असं त्याला वाटलं.

सावळीराम खळ्यावरून जाताना थांबला.

"आभाताई म्हनते, मावशीला सगळं तोंडपाठ हाय. कुठं किती वेली हायेत, कोनती कवाची, समदं. फोटू बी काढले तिचे." मग त्यानं लहानूच्या खांद्यावर थाप मारली. "आता तुला नवसाबाईचा नवरा म्हनून वळखतील लोक."

"वळखू दे की," लहानू म्हणाला. बांबू त्यानं इतक्या जोरात आपटला की चिमण्यांबरोबर सावळीरामही दचकला.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, लहानूला आणि नवसाबाईला. लहानूचा बाप चिमाजी मोठा औषध देणारा. तो गेला त्या वर्षी लहानू निफाडकडे उसाच्या तोडीवर होता. बाप दोन महिने अंथरुणाला खिळून होता आणि त्याचं सगळं नवसाबाई करत होती. पोराची वाट बघून बघून शेवटी त्यानं वेलीचं नाव सुनेच्या कानात सांगितलं. लहानू आला तो नवव्या दिवशी. दहावं झाल्यावर नवसाबाईनं त्याला डोंगरावर नेलं, वेल दाखवली, नाव सांगितलं. "तुझ्या बानं तुला सांगायला लावलंय," असं ती म्हणाली होती. बापानं खरंच तसं सांगितलं होतं, की तिनंच त्याचं मन राखलं, हे लहानूनं तीस वर्षांत विचारलं नव्हतं. बाई औषध देत नाही, म्हणून द्यायला तो बसला. पंधरा पाड्यांतून माणसं आली ती त्याच्या हातासाठी. डोळे अधू झाल्यावर मुळी आणायला ती जाऊ लागली. वाटायची तीच. लावायचा तेवढा तो. डोळ्यांचं ऑपरेशन पेठच्या शिबिरात फुकट होत होतं, तरी औषध देणारा स्वतः दवाखान्यात जाऊन पडला असं लोकांनी म्हणू नये, म्हणून तो गेला नव्हता.

मेलेल्या बापाचाही त्याला राग यायचा. दोन महिने थांबलास, आणखी नऊ दिवस थांबला असतास, असं त्याच्या मनात येई.

दुपारी जेवताना तो म्हणाला, "कालवणात मीठ नाय."

आभानं आपल्या ताटातलं चाखून पाहिलं आणि जेवत राहिली. नवसाबाईनं मिठाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती घेतली नाही.

"उद्या समितीपुढे नोंद करायची," आभा म्हणाली. "इथेच, तुमच्या अंगणात. जाणकारानं ताजी मुळी पाल्यासकट आणायची, मी फोटो घेऊन तिचा एक तुकडा मोहोरबंद करीन. आणि त्या ओळीत..." ती थांबली. तिनं नवसाबाईकडे पाहिलं, मग लहानूकडे. "त्या ओळीत कुणाचं नाव घालायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा. एकच घालता येतं. मला विचाराल तर..."

"मी आनतो मुळी," लहानू म्हणाला.

"तुम्ही?"

"माझ्या डोळ्यांचं काम नाय त्यात. हातानं कळतं, असं हिनंच सांगितलं ना तुम्हाला?"

नवसाबाई ताटं उचलून आत गेली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नवसाबाईनं लुगड्याच्या ओच्यात तांदूळ घेतले आणि न बोलता वाटेला लागली. फकिराला शुक्रवारी बोलावलं होतं. ती कुठं जाणार ते लहानूला माहीत होतं. झऱ्याच्या वर ऐनाचं झाड होतं, त्यावरच्या वेलीला यंदा फूल नव्हतं. ती दिसेनाशी झाल्यावर त्यानंही मडक्यातून मूठभर तांदूळ काढले आणि दुसऱ्या अंगानं, करवंदीच्या जाळीकडे निघाला. तिथंही एक वेल असायची. त्याच्या पायांना वाट माहीत होती. पण जाळी वाढली होती, काटे हाताला लागत होते आणि उजेड उतरत होता. चाचपताना एक वेल हाताशी आली. ती कुठल्या अंगानं वळली आहे ते बघायला त्यानं बोट फिरवलं, तेवढ्यात खाली कुणाच्या तरी शेळ्या घंटा वाजवत गेल्या आणि आपल्याला कुणी इथं चाचपडताना पाहू नये म्हणून तो घाईघाईनं बसला. हीच असणार, असं म्हणून त्यानं तांदूळ ठेवले.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच तो कुदळी घेऊन निघाला. जाळीशी पोचला तेव्हा पूर्वेला पांढरं होत होतं. वेलीवर हात ठेवून तो हळूहळू वर नेत गेला. वेल उजव्या अंगानं वळत होती. त्यानं पुन्हा खालपासून हात फिरवला. तेच. आजूबाजूला काटे सारत त्यानं आणखी शोधलं. दुसरी वेल नव्हती.

अंगणात समिती बसणार होती. सावळीराम येणार, पाडा गोळा होणार. आणि नवसाबाई ऐनाखालची मुळी घेऊन उतरणार.

तो वर निघाला. चढावर दोनदा पडला. ऐनाचं झाड त्याला सालीवरून कळलं. सुसरीच्या पाठीसारखी ती भेगाळलेली असते. खोडावर वेल होती, डाव्या अंगानं वळलेली. तिच्या बुडाशी हात नेला आणि बोटांना दाणे लागले. सात-आठ तांदूळ, दवानं फुगलेले.

लहानू गुडघ्यांवर बसून राहिला. कुठंतरी लांब कोंबडा आरवला. दाणे त्यानं बाजूला सारले नाहीत की उचललेही नाहीत. त्याच जागी कुदळी घातली. ओली माती सहज निघत होती. मुळी मनगटाएवढी जाड होती, खोल गेली होती. ती ओढून काढताना त्याला दम लागला. उन्हाचा पहिला पट्टा ऐनाच्या शेंड्यावर आला तेव्हा तो उतरणीला लागला होता. नवसाबाई नेहमी झऱ्यावरून चढायची. तो दुसऱ्या वाटेनं उतरला.

अंगणात माणसं जमली. आभानं घोंगडीवर कागद मांडले. फकिरा ओट्याशी पाय लांब करून बसला. धुतलेली मुळी सुपात, पाल्यासकट. आभानं पान पाहिलं, वेल पाहिली आणि म्हणाली, "बरोबर. हीच."

तेवढ्यात नवसाबाई आली. ओचा मोकळा, हाताला माती. तिनं सुपाकडे पाहिलं. लहानूला तिचं तोंड दिसत नव्हतं. ती थांबलेली मात्र कळली.

"फकिरादादा," ती म्हणाली, "आज नाय जमायचं. उद्या ये."

"आगं वहिनी, मुळी तं ही काय समोर हाय. अडीच कोस आलोय मी टाचेवर."

"उद्या ये."

"काहून पन?" सावळीरामनं विचारलं.

नवसाबाई वाटच बघत होती. आपण आता बोलायचं आहे, हे लहानूला पुरतं समजलं. ही मुळी माझी नव्हं, एवढंच. पण सगळा पाडा बसला होता आणि तो जाणकार होता. न बोलता ती जितका वेळ उभी राहिली तितका त्याला तिचा राग येत गेला. तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती सांगतही नव्हती.

"आन ती मुळी हिकडं," तो म्हणाला. "मी वाटतो."

तीस वर्षांत तो पाट्यावर बसला नव्हता. वरवंटा त्याच्या हातात वाकडा फिरत होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "नवसे, नवऱ्याला पाट्याला बसवलंस का गं," आणि हसू उठलं. लहानूनं मुळी वाटली, पाय मांडीवर घेतला, लेप भरला, पळसाच्या पानानं बांधला. फकिरानं त्याच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

मग आभानं विचारलं, "जाणकार?"

"लहानू चिमाजी भोये," सावळीरामनं सांगितलं.

"कुणाकडून शिकलात?"

सूप आपटल्याचा आवाज झाला. नवसाबाई खळ्याकडे निघून गेली होती.

"बाकडून," लहानू म्हणाला.

त्याला सही येत होती. आभानं त्याचं बोट धरून कागदावरच्या ओळीवर नेलं. तरी सही तिरकी होऊन खालच्या रकान्यात उतरली. "चालेल," आभा म्हणाली. "ही कच्ची नोंद आहे. महिनाभरानं ग्रामसभेत पक्की होईल." ती आणखी काही विचारेल असं त्याला वाटलं. तिनं फक्त कागद गोळा केले.

त्यानंतर फकिरा दर तिसऱ्या दिवशी येऊ लागला. दर खेपेला उरलेली मुळी लहानूच वाटायचा. नवसाबाई तिला बोट लावीना. "ज्यानं पयल्यांदा लावली त्यानंच लावायची," एवढं ती म्हणाली. पण जखम टाचेच्या खाली होती. फकिराला स्वतःला ती दिसत नव्हती आणि लहानूला काहीच दिसत नव्हतं. त्यामुळे पान सोडलं की लहानू विचारायचा, "कसं हाय?"

नवसाबाई वाकून बघायची. "तसंच हाय."

दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला ती जरा जास्त वेळ वाकून राहिली. "तसंच."

लहानूची झोप उडाली. चोरीच्या मुळीला गुण नसतो, हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. नागली झोडताना, पेंढा रचताना त्याच्या मनात फकिराची टाच असायची. तो बरा व्हावा असं त्याला वाटे, पण त्यात फकिरा फारसा नसायचा. पाय सडला तर पंधरा पाड्यांत कळेल. भरला तर मुळी त्याच्या हाताची ठरेल, आमंत्रण कुणाचंही असो. चौथ्या खेपेला त्यानं जखमेला नाक लावलं. कुजका वास नव्हता. माती आणि पळसाच्या पानाचा वास होता.

"कसं हाय?"

"तसंच," नवसाबाई म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दिवशी फकिरा काठी न घेता आला. काखेत तांबडा कोंबडा होता.

"दादा, काल पेठला पट्टीला गेलो व्हतो. नर्सबाई म्हनली, फकिरा, जखम मिटली की रे तुझी. ही चमडी आठ-दहा दिसांची हाय म्हनं. वहिनी काय तसंच, तसंच म्हनत व्हती? मी तर भेव घेतला व्हता." तो हसला आणि टाच दाणकन जमिनीवर आपटून दाखवली. "गोळ्यांनी म्हना, पट्टीनं म्हना. मी तर तुझ्या हाताचाच गुन म्हननार."

कोंबडा खांबाला बांधून तो गेला. नवसाबाई नागली पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत चालला होता.

"तू म्हनत व्हतीस तसंच हाय," लहानू म्हणाला.

"व्हय."

"दिसत व्हतं तुला, भरतंय ते."

"दुसऱ्याच खेपेला दिसलं."

"मंग?"

सूप थांबलं. "खड्ड्याच्या कडंला गुडघ्यांचे ठसे व्हते. पाड्यात गुडघ्यावर बसून तूच खनतोस. माझे दाने मातीत मिसळले व्हते." तिनं सुपातला खडा वेचून फेकला. "वाटलं व्हतं, भरनार नाय. भरू नये, आसंबी वाटलं. त्याचा पाय पुढ्यात आसायचा, बिचारा टाच उचलून धरायचा, आन् मी बघायची आज कडा पुन्हा काळी पडली का म्हनून. पडंना. तर तुला सांगवंना."

लहानूनं काठी चाचपून जवळ ओढली.

"अंगनात तू बोलशील आसं वाटलं व्हतं," ती म्हणाली.

"तू बोलायचं व्हतंस."

"मी कवा बोलले?"

कोंबड्यानं दोरीला हिसका देऊन पंख फडफडवले.

"बानं खरंच सांगितलं व्हतं?" लहानूनं विचारलं. "मला सांग म्हनून?"

नवसाबाईनं सूप खाली ठेवलं. "नाय," ती म्हणाली. "मला म्हनला, तुझ्यापाशी ठेव."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. फोलपटं उडून लहानूच्या अंगावर येत होती. ती त्यानं झटकली नाहीत. थोड्या वेळानं त्यानं काठी घेतली आणि सावळीरामच्या घराकडे निघाला.

वाट फार लांब नव्हती, पण त्या दिवशी सणाचे सगळे बाहेर होते. "लहानूदादा, फकिरा नाचत गेला की रं." "हात हाय तुझा, हात." "कंपनीवाले येतील तवा आमाला इसरू नको." प्रत्येक दारापाशी त्याला थांबावं लागलं. प्रत्येक वेळी परत फिरावंसं वाटलं. एका दारात तर तो खरोखरच बसला आणि त्यांनी दिलेला चहा संपेपर्यंत फकिराच्या टाचेची गोष्ट त्यानं पहिल्यापासून सांगितली. पाट्यावर आपण बसलो तेही सांगितलं. लोक कान देऊन ऐकत होते. गोष्ट ऐनाच्या झाडापाशी आल्यावर तो थांबला आणि कप खाली ठेवून उठला.

सावळीरामनं फोन लावून त्याच्या कानाला धरला.

"बोला बाबा," पलीकडून आभा म्हणाली.

"त्या ओळीतलं नाव बदलायचं हाय."

"बदलायचं म्हणजे?"

"माझं नव्हं ते. मुळी घरवालीनं आमंत्रण दिलेली व्हती. मी खनली. आन् शिकलो मी तिच्याकडून. बाकडून नाय."

सावळीराम त्याच्याकडे बघत राहिला. फोनमध्ये कागद उलटल्यासारखा आवाज आला.

"बरं झालं सांगितलंत," आभा म्हणाली. "अजून कच्चंच आहे. मावशी कुणाकडून शिकल्या?"

"चिमाजी भोये. तिचा सासरा."

"म्हणजे तुमचे वडील."

"तिचा सासरा लिवा."

"लिहिलं. आता जाणकार. मावशींचं पूर्ण नाव सांगा, कागदावर आहे तसं."

लग्न झाल्यापासून लहानूनं ते नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. बुधाची आय, घरवाली, नाहीतर नुसतं आगं.

"नवसाबाई," तो म्हणाला.

"हं. पुढे?"

"लहानू." हे त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. आभा लिहिते आहे की नाही, ते ऐकायला तो थांबला. "लहानू लिवलं का?"

"लिहिलं, बाबा."

"मंग भोये," लहानू म्हणाला.